जॉर्ज विटेट : एका नगरशिल्पकाराची कारकीर्द



मुंबईत इमारती उभारणाऱ्या एका परकीय आर्किटेक्टची कथा लासूर स्टेशनच्या श्रोत्यांनी का ऐकावी, हा प्रश्न आजचा विषय वाचून आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. ज्या गावाच्या नावातच एक सार्वजनिक इमारत आहे, अशी गावे थोडी. लासूर हे दाक्षायणी देवीचे जुने गाव. परंतु आज आपण जिथे जमलो आहोत ती वस्ती लोहमार्गाच्या काठाने वाढली आणि स्टेशनचे नाव तिने कायमचे धारण केले. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर निजामाच्या राज्यात मनमाडकडून गोदावरीच्या खोऱ्यात ही आगगाडी आली. तिच्यामागून बाजार आला, दुकाने आली, शाळा आली. सार्वजनिक इमारत गावाला आकार देते, हे आपल्याला दुसऱ्या कोणी शिकविण्याची गरज नाही. प्रश्न उरतो तो इतकाच, की या इमारती कोण योजतो, कोणासाठी योजतो आणि त्या योजताना तो काय डोळ्यांपुढे ठेवतो. विटेटच्या चरित्रातून या प्रश्नाचे उत्तर मिळण्यासारखे आहे, म्हणून आम्ही हा विषय निवडला.

बांधणाऱ्याचे नाव विसरण्याची आपली रीत जुनी आहे. वेरूळचे कैलास लेणे आपल्यापासून फार दूर नाही. ते पाहायला जगभरातून माणसे येतात, पण छिन्नी धरणाऱ्या हातांची नावे कोणालाही सांगता येत नाहीत. छत्रपती संभाजीनगरच्या बीबीच्या मकबऱ्याचे भाग्य थोडे बरे. त्याच्या मुख्य दरवाजावरील लेखात अताउल्ला हा वास्तुशिल्पी आणि हंसपतराय हा अभियंता, अशी दोन नावे आहेत. मुंबईला जाऊन गेटवे ऑफ इंडियापुढे छायाचित्र काढून घेतले नाही असे घर आपल्याकडे क्वचितच सापडेल. पण ती कमान कोणी रेखाटली असे विचारले, तर शंभरांत पाच माणसेदेखील उत्तर देतील की नाही याची शंका आहे. ती रेखाटणाऱ्याचे नाव जॉर्ज विटेट.

२६ नोव्हेंबर १८७८ रोजी स्कॉटलंडमधील ब्लेअर ॲथॉल या डोंगरी गावी त्याचा जन्म झाला. पर्थ शहरातील एका आर्किटेक्टच्या हाताखाली त्याने उमेदवारी केली. पुढे एडिंबरो आणि यॉर्क येथे नोकरी केली. त्या काळी आर्किटेक्ट तयार होत तो असाच. कचेरीत नकाशांच्या नकला काढायच्या, मोजमापे घ्यायची, गवंड्यांच्या मागे उन्हापावसात उभे राहायचे आणि हळूहळू धंदा आत्मसात करायचा. १९०४ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, तो मुंबईस आला. मुंबई सरकारचे सल्लागार वास्तुशिल्पी जॉन बेग यांचा मदतनीस म्हणून त्याची नेमणूक झाली होती. तो आला तो नोकर म्हणून आणि पुढची पंधरा वर्षे सरकारी नोकरच राहिला, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. काय बांधायचे हे त्याने ठरविले नाही. ते वरून ठरून येई. कसे बांधायचे, एवढेच त्याच्या हाती होते.

तो आला तेव्हाची मुंबई कशी होती? १८९६ साली प्लेगने शहराला ग्रासले होते. दाट वस्त्या पाडून रस्ते रुंद करण्यासाठी १८९८ साली इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला होता. बंदराचा व्यापार वाढत होता, समुद्र हटवून नवी जमीन काढली जात होती. सरकारी इमारतींचा जुना शौक गॉथिक शैलीचा होता. उंच टोकदार मनोरे आणि युरोपातील देवळांची आठवण करून देणाऱ्या कमानी यांची ही शैली. बोरीबंदरचे स्टेशन, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, हे तिचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. १८८८ साली ते पुरे झाले. परंतु नवे शतक उजाडले तेव्हा, हिंदुस्थानात बांधायचे तर येथल्या वास्तुकलेकडे पाहिले पाहिजे, असा विचार पुढे आला होता. बेग या विचाराचे होते. त्यांनी मुंबईच्या जनरल पोस्ट ऑफिसचा नकाशा केला तो विजापूरच्या धर्तीवर. १९१३ साली पुऱ्या झालेल्या त्या इमारतीच्या कामात विटेट त्यांचा साहाय्यक होता. बेग वरच्या जागेवर गेले आणि सल्लागार वास्तुशिल्पी हे पद विटेटकडे आले.

त्याची पहिली मोठी कसोटी म्हणजे वस्तुसंग्रहालय. ११ नोव्हेंबर १९०५ रोजी इंग्लंडच्या युवराजांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली आणि युवराजांचेच नाव त्याला मिळाले. १९०९ साली नकाशांची खुली स्पर्धा झाली व तीत विटेटचा नकाशा पसंत पडला. ही इमारत आपण केव्हा तरी सावकाश पाहावी. तिचा दगड कुर्ल्याचा करडा बेसॉल्ट आणि मालाडचा पिवळसर दगड. म्हणजे परदेशी संगमरवर जहाजाने आणण्याऐवजी त्याने हाताशी असलेली खाण पाहिली. घुमटाची ठेवण गोवळकोंड्याची, आतल्या कमानींची गुंफण विजापूरच्या गोल घुमटाची, खालचे खांब जैन वळणाचे. आणि मधल्या दालनातील लाकडी सज्जा व कठडे कोठले, तर नाशिकच्या एका वाड्याचे. तो वाड्याचा कोरीव मंडप विकत घेऊन विटेटने इमारतीत बसविला. मोडीत निघालेल्या वाड्यांचे लाकूड सरपणाच्या भावाने जाताना आपण पाहिले आहे. एका स्कॉटिश माणसाला त्या लाकडात राजधानीच्या संग्रहालयाला शोभेल असे काही दिसले, हे विचार करण्यासारखे आहे.

गोल घुमटाचे नाव निघाले आहे, तर त्यातील युक्ती दोन वाक्यांत सांगतो. खोली चौकोनी असते आणि घुमट गोल. मग चौकोनाच्या डोक्यावर वर्तुळ बसवायचे कसे? विजापूरच्या कारागिरांनी सतराव्या शतकात याचे उत्तर असे काढले. एका चौकोनात दुसरा चौकोन तिरपा फिरवून घातला की आठ टोकांची चांदणी होते. त्या चांदणीच्या रेषांवर एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानी उभ्या केल्या की मधोमध अष्टकोन उरतो, आणि अष्टकोनावरून वर्तुळावर जाणे सोपे. शिवाय घुमटाचा बाहेर ढकलणारा जोर या कमानी एकमेकींत अडकून तोलून धरतात. विटेटने विजापूरच्या घुमटाची केवळ नक्कल बाहेरून चिकटविली असती, तर तो सामान्य सजावटकार ठरला असता. त्याने आतली रचना समजून घेतली. अनुकरण आणि अभ्यास यांतला फरक हाच.

बाहेर आलेले छज्जे, दगडी जाळ्या, जाड भिंती आणि उंच छत ही सारी शोभेची साधने म्हणून आपण पाहतो. वास्तविक ती उन्हाळ्याची साधने आहेत. छज्जा भिंतीवर सावली धरतो, जाळी ऊन अडविते आणि वारा सोडते, जाड दगडी भिंत दुपारचे ऊन संध्याकाळपर्यंत आत येऊ देत नाही, उंच छताखाली तापलेली हवा माणसाच्या डोक्यावरून वर निघून जाते. आमच्या मते विटेटच्या कारकिर्दीतला खरा शहाणपणा येथे आहे. शैली हा हौसेचा भाग असेल, पण तिच्या पोटात हवामानाचे ज्ञान होते.

आता गेटवे. २ डिसेंबर १९११ रोजी पंचम जॉर्ज बादशहा व राणी मेरी अपोलो बंदरावर उतरले तेव्हा ही कमान तेथे नव्हती. होता तो तात्पुरता देखावा. पक्क्या कमानीची पायाभरणी ३१ मार्च १९१३ रोजी झाली, विटेटचा नकाशा १९१४ साली मंजूर झाला आणि मग समुद्र हटविण्यात व पाया घालण्यात कित्येक वर्षे गेली. ४ डिसेंबर १९२४ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांच्या हस्ते ती खुली झाली. बादशहा येऊन गेल्याला तेव्हा तेरा वर्षे लोटली होती. खर्च सुमारे २१ लाख रुपये. पिवळसर बेसॉल्ट दगड आणि सिमेंट काँक्रीट, मधल्या घुमटाचा व्यास ४८ फूट आणि उंची सुमारे ८३ फूट. कमानीचे वळण गुजरातच्या सोळाव्या शतकातील इमारतींचे, आणि दगडी जाळ्या ग्वाल्हेरच्या. एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. कमानीसमोर सरळ येणारा भव्य रस्ता करण्याचा बेत होता, पण पैसा संपला. त्यामुळे आज गेटवे आपल्या रस्त्याशी तिरपा उभा आहे. दाराचे काम झाले, दारापर्यंतची वाट राहून गेली. सार्वजनिक कामांत असे का होते, हे या सभेला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

गेटवेच्या प्रसिद्धीमुळे विटेटची इतर कामे झाकली गेली आहेत. मुंबईचे लघुवाद न्यायालय त्याचे. काळा घोडा भागातील विज्ञान संस्था त्याची. १९११ साली तिचा पाया घातला गेला आणि १९२० साली ती पुरी झाली. शेजारचे कावसजी जहांगीर सभागृहही त्याचेच. त्यात १९९६ पासून आधुनिक कलेचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाची घुमटाची इमारत त्याची, आणि कराचीच्या पोर्ट ट्रस्टची १९१६ साली खुली झालेली कचेरीदेखील. बंदराच्या गोदीतून उपसलेल्या भरावावर २२ एकर नवी जमीन तयार झाली, तिथे बॅलार्ड इस्टेट वसली. तिचा आराखडा करताना विटेटने घुमट व जाळ्या बाजूला ठेवल्या आणि लंडनच्या कचेऱ्यांसारखी युरोपीय शैली घेतली. सगळ्या इमारतींची उंची व वळण मेळात राहील अशी दक्षता घेतली. प्रत्येक मालकाने आपापल्या हौसेने इमला चढविला असता तर तो भाग बाजाराच्या दिवशीच्या गर्दीसारखा दिसला असता. एकमेकांच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या इमारतींनी एकमेकींचा मान ठेवावा, हा धडा तेथे शिकावा.

महायुद्ध संपल्यावर विटेटने सरकारी नोकरी सोडली आणि तो टाटांच्या कामात गेला. टाटा उद्योगसमूहाचे मुख्यालय, म्हणजे १९२४ सालचे बॉम्बे हाऊस, हे त्याचेच. त्याआधी, १९१७ साली, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये वास्तुविद्या शिकलेल्या काही तरुणांनी आपली एक संस्था काढली व विटेटला पहिला अध्यक्ष केले. हीच संस्था पुढे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स या नावाने देशभर पसरली. ११ सप्टेंबर १९२६ रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, आमांशाच्या विकाराने त्याचा मुंबईतच अंत झाला. शिवडीच्या दफनभूमीत त्याला पुरले आहे. हा मनुष्य बावीस वर्षांपूर्वी आला आणि परत गेलाच नाही.

येथे एक आक्षेप येईल आणि तो टाळणे योग्य नव्हे. कोणी म्हणेल, ज्या कमानीतून बादशहाचा मान मिरवायचा होता, ती रेखाटणाऱ्या सरकारी नोकराचे कौतुक आपण का करावे? आक्षेपात तथ्य आहे. गेटवे ही राज्यकर्त्यांनी स्वतःच्या गौरवासाठी उभारलेली वास्तू होती, आणि पैसा या देशाच्या तिजोरीतला होता. पण पुढे काय झाले ते पाहा. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी, सॉमरसेट लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण, याच कमानीतून बाहेर पडून बोटीत बसली. येण्यासाठी बांधलेले दार जाण्याच्या कामी आले. २६ जानेवारी १९६१ रोजी त्याच्यासमोर शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. युवराजांच्या नावाच्या संग्रहालयाला १९९८ साली छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. त्या संग्रहालयाचा पहिला उपयोगही कलेसाठी झाला नव्हता. १९१४ साली इमारत पुरी झाली, पण युद्धकाळात तेथे लष्करी रुग्णालय होते आणि संग्रहालय म्हणून ती १० जानेवारी १९२२ रोजी उघडली. राज्ये बदलतात, नावे बदलतात, उपयोगही बदलतात. दगड, सावली आणि वारा मात्र जागेवर राहतात. बांधविणाऱ्याचा हेतू त्याच्याबरोबर जातो, आणि बांधणाऱ्याने कामात घातलेला प्रामाणिकपणा लोकांच्या पदरी पडतो. ज्याला आपल्या कामाचा हेतू निवडण्याचे स्वातंत्र्य नाही, त्या नोकरमाणसाच्या हाती उरणारी नीती ती हीच.

परळचे के. ई. एम. रुग्णालय व शेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय हे आम्हाला गेटवेपेक्षा मोठे काम वाटते. त्या काळी सरकारी वैद्यकीय संस्थांतील वरच्या जागा गोऱ्या अधिकाऱ्यांकडे जात. शेठजींच्या विश्वस्तांनी देणगी देताना अट घातली की येथे सुशिक्षित हिंदी डॉक्टरांचीच नेमणूक व्हावी. १९२६ साली, विटेटच्या शेवटच्या वर्षी, ते रुग्णालय सुरू झाले. पेनिसिलीन यायला अजून बराच काळ होता. रोग्याला औषधाइतकाच उजेड आणि वारा यांचा आधार होता. म्हणून लांब ओसऱ्या आणि मोकळी दालने यांची रुग्णालयाला गरज होती. तेथे शिकलेले डॉक्टर आज महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात आहेत, आणि आपल्या भागातूनही कठीण दुखण्याची माणसे त्या दारात जाऊन उभी राहतात. गेटवे पाहायला आपण जातो, के. ई. एम.ला मात्र आपल्याला गरज नेते.

परंतु चित्राची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. ज्या वर्षांत गेटवेचे काम संपत आले होते, त्याच वर्षांत मुंबई सरकारच्या डेव्हलपमेंट खात्याने कामगारांसाठी चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी. एका चाळीत ८० खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्याला सामाईक. बादशहाच्या एका दिवसाच्या आठवणीसाठी घुमट, आणि गिरणीत राबणाऱ्या कुटुंबाच्या साऱ्या आयुष्यासाठी १६० फूट! त्या चाळींत माणसांनी शाहिरी जोपासली, चळवळी चालविल्या, मुले शिकविली. ते कर्तृत्व माणसांचे, इमारतीचे नव्हे. विटेट तोवर सरकारी नोकरीत नव्हता, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. पण शहराची सारी कल्पकता दर्शनी इमारतींवर खर्च झाली आणि घरांसाठी उरली नाही, हा त्या काळाचा दोष नोंदविलाच पाहिजे. शंभर वर्षांनी आज त्या चाळी पाडून नवी घरे बांधण्याचे काम चालू आहे.

याच काळात अमेरिकेत काय चालले होते ते पाहणे उद्बोधक आहे. तेथे शहरे पगारी आर्किटेक्ट नेमू लागली होती. सेंट लुईस शहरात विल्यम इट्नर नावाच्या आर्किटेक्टला १८९७ साली शाळाखात्याच्या इमारतींचे प्रमुख करण्यात आले. तोवर शाळा म्हणजे मधोमध काळोखी बोळ आणि दोन्ही बाजूंना कोंदट वर्ग. इट्नरने ओसरीच्या एकाच बाजूला वर्ग घातले, म्हणजे ओसरीलाही खिडक्या मिळाल्या आणि वर्गात उजेड भरला. त्याने त्या एका शहरासाठी सुमारे पन्नास शाळा बांधल्या. त्याच्या नावाची कमान कोठे नाही, पण हजारो मुलांच्या डोळ्यांना त्याने उजेड दिला. आणि इतक्या दूर तरी कशाला जावे? आपल्याच लोहमार्गाने पुढे गेले की काचीगुडा लागते. १९०८ साली मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद उद्ध्वस्त केल्यावर निजाम सरकारने शहर नव्याने सावरले, तेव्हा व्हिन्सेंट एश या आर्किटेक्टने काचीगुड्याचे स्टेशन, हायकोर्ट आणि उस्मानिया रुग्णालय यांची कामे केली. ज्या राज्यात आपले आजोबा-पणजोबा राहत होते त्याच राज्यातली ही गोष्ट. राजधानीला आर्किटेक्ट मिळाला. आपल्या वाट्याला ओव्हरसियर आला.

तात्पर्य काय? आपले गाव वाढते आहे. बाजार समितीचे गाळे, शाळेच्या खोल्या, दवाखाना, पंचायतीची कचेरी, बसथांबा अशी कामे निघतात आणि निघत राहतील. बहुधा त्यांचे नकाशे वरून ठरून येतात. विटेटलाही कामे वरून ठरून येत. तरी त्याने आपल्या हाती होते तेवढे नीट केले. आपल्या हातीही थोडे आहे. नवी इमारत ठरेल तेव्हा ग्रामसभेत उठून तीन प्रश्न विचारता येतील. पहिला, वैशाखाच्या दुपारी दोन वाजता या इमारतीत पंख्याशिवाय बसता येईल का? दुसरा, आपल्या पायाखाली दख्खनचा काळा पाषाण आहे; ज्या पाषाणातून वेरूळ कोरले गेले त्याला सोडून आपण पत्र्याकडे का धावतो, आणि तसे करणे खरोखर स्वस्त आहे का? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. या इमारतीत जास्तीत जास्त वेळ कोण काढणार आहे, उद्घाटनाला येणारे पाहुणे की रोज तेथे येणारी मुले, बाळंतिणी, हमाल आणि शेतकरी? दर्शनी कमानीला पैसा उरतो आणि मुलींच्या स्वच्छतागृहाला उरत नाही, असे जेथे घडते तेथे तो प्रश्न कोणी विचारलेला नसतो.

आपल्या गावाला विटेट मिळेल असे आम्ही म्हणत नाही. पण पुण्यात, मुंबईत, छत्रपती संभाजीनगरातही वास्तुविद्या शिकणारी मुले-मुली आज आहेत, आणि त्यांतली काही आपल्याच तालुक्यांतली आहेत. पदवी मिळाल्यावर त्यांना शहरात बंगले रेखाटावे लागतात, कारण गावाने त्यांना कधी बोलावलेलेच नसते. एखाद्या शाळेच्या चार खोल्यांसाठी त्यांना बोलवावे, त्यांचा नकाशा सर्वांसमोर मांडावा, आणि गवंड्यापासून मुख्याध्यापिकेपर्यंत सर्वांनी त्यावर बोलावे. त्यासाठी २१ लाखांची कमान लागत नाही. आणि त्या खोल्या उभ्या राहतील तेव्हा दाराशी एक लहानसा दगड बसवून त्यावर देणगीदारांच्या नावाखाली नकाशा करणाऱ्याचे आणि मुख्य गवंड्याचे नाव कोरावे. मकबऱ्यावर ते साडेतीनशे वर्षांपूर्वी कोरले गेले. आपल्याला अवघड जाऊ नये.